पोटाचा पाचवा दिवस

सकाळी ७:१५

मिरजेत सकाळच्या गाड्या रिकाम्या झाल्या की स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी दवाखान्यांचीच नावं असतात. इकडे जत, कवठेमहांकाळ, तिकडे अथणी, चिकोडी, जमखंडी. एवढ्या मुलखातली माणसं हाड मोडलं की मिरजेची वाट धरतात. आमचा वॉर्ड हाडांचा. ३० खाटा, सकाळच्या पाळीला दोन सिस्टर, एक ब्रदर, एक मावशी, एक मामा. शिकाऊ मुली असल्या तर असल्या.

मी पंधरा मिनिटं आधी येते, ती काही फार निष्ठा आहे म्हणून नव्हे. त्या वेळी गिझरचं पाणी गरम मिळतं. घड्याळ, अंगठी, काचेच्या बांगड्या काढून कपाटात ठेवते, नखं बघते आणि कोपरापर्यंत हात गरम पाण्याने धुते. गार हात पोटावर ठेवला की पोट लगेच आवळून घेतं. मग पुढची पाच मिनिटं ते सैल करण्यातच जातात, आणि सकाळी पाच मिनिटं कुठून आणायची?

७:३०

हँडओव्हर. रात्रीची सिस्टर खाटेखाटेपाशी थांबून सांगते: ऑपरेशन कुठलं, आज कितवा दिवस, ताप, बीपी, लघवी किती, ड्रेनमध्ये किती, अँटिबायोटिकचा पुढचा डोस कधी. सगळं मिलिलिटरमध्ये. टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या, कागदावर सगळ्यात खाली एक बारीक ओळ असते, मोशनची. तिथे शून्य, शून्य, शून्य. त्या शून्यांबद्दल कुणी बोलत नाही, कारण शून्याने कुणी दगावत नाही असा सगळ्यांचा समज आहे. मी कागद हातात घेतला की खालून वर वाचते.

खाट ६. बहात्तर वर्षांच्या आजी, अंगणात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, परवा अर्धा सांधा बदलला. कागदावर ऑपरेशनचा दुसरा दिवस.

"आजी, शेवटची संडासला कधी झाली?"

"व्हईल की सिस्टर, आज न्हाई उद्या."

"तसं नाही. शेवटची कवा?"

आजींनी सुनेकडे बघितलं. सुनेने बोटं मोजली. पडायच्या आदल्या दिवशी सकाळी. म्हणजे पडल्या तो एक दिवस, गावातल्या डॉक्टरकडे आणि मग इकडे येण्यात गेला तो दुसरा, ऑपरेशनचा तिसरा, कालचा चौथा. फाईलवर दुसरा दिवस आहे खरा, पण पोटाचा आज पाचवा. हे दोन हिशेब वेगळे असतात आणि केसपेपरवर फक्त पहिला लिहिलेला असतो. म्हणून मी फाईलच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने दुसरा आकडाही लिहिते. रेसिडेंट डॉक्टरांना आधी तो खाटेचा नंबर वाटायचा.

पाच दिवस कसे होतात ते सांगायला फार अभ्यास लागत नाही. ऑपरेशनच्या आधी उपाशी. नंतर चहा-बिस्किट, मऊ भात, साबुदाण्याची पेज. म्हणजे चोथा जवळजवळ नाहीच. दुखण्यावर ट्रामाडॉल, भूल उतरताना उलटी होऊ नये म्हणून ऑनडॅनसेट्रॉन, रक्त कमी म्हणून लोहाची गोळी, हाडासाठी कॅल्शियम. यातलं एकेक औषध गरजेचं, आणि यातलं एकेक मलावरोध करणारं. ट्रामाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल या जातीची औषधं मेंदूतली वेदना दाबतात. पण त्यांचे तेच रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतही आहेत. तिथे ती आतड्याची पुढे ढकलणारी लाट मंदावतात. मळ मोठ्या आतड्यात जितका रेंगाळतो तितकं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं, आणि शेवटी खडे होतात. दिवस जातात तसं शरीर या औषधाच्या इतर त्रासांना सरावतं, मळमळ थांबते, झोप कमी होते. आतडं मात्र फारसं सरावत नाही.

याच्यावर आणखी एक कारण, जे कुठल्याच कागदावर नसतं. बेडपॅन मागायला लागू नये म्हणून माणसं पाणी पीत नाहीत. आजींच्या उशाशी तांब्या भरलेला होता आणि फुलपात्र कोरडं.

७:५०

कोमट पाण्याची फेरी. ज्यांना तोंडाने घ्यायची परवानगी आहे त्यांना एकेक पेला कोमट पाणी, नंतर चहा. यात माझं काही कौशल्य नाही. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्या-प्यायल्यावर मोठं आतडं आपोआप जोराने हलतं. दिवसातली ही वेळ हातची घालवायची नाही, एवढंच. घरी हीच वेळ असते. पण दवाखान्यात नेमकं तेव्हाच चादरी बदलणं, स्पंजिंग, रक्ताचे नमुने आणि झाडू.

घरचं आणखी काय काय असतं ते आजींच्या सुनेने खालच्या आवाजात सांगितलं. "त्यांना मिश्री लावल्याबिगर होत न्हाई." हे मला नवीन नाही. आमच्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्या बायकांचं मिश्रीवर आणि पुरुषांचं तंबाखूच्या चिमटीवर चालतं. निकोटिनने आतडं हलतं हे खरंच आहे. इथे भरती झाल्या दिवशी ती डबी बंद होते, तीही हाडं जुळायला तंबाखू वाईट म्हणून, योग्य कारणानेच. पण डबीबरोबर चाळीस वर्षांची सकाळची सवय बंद झाली, हे कुणी लक्षात घेत नाही. मी मिश्री देत नाही. सुनेला मात्र सांगते की हे लपवू नका, त्यावरून मला पोटाचा अंदाज येतो.

८:२०

खाट सहाचा पडदा ओढला. आधी लघवी करून घेतली. भरलेल्या मूत्राशयावर दाब पडला तर आजींना त्रास आणि मला चुकीचा अंदाज. मग विचारलं, "पोटावरनं हात फिरवू का? दुखलं तर लगेच सांगायचं."

"बेंबी सरकली असंल का गं?"

हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. गावाकडे पोट धरलं की बेंबी सरकवणारी बाई बोलावतात, ती अंगठ्याने दाबून जागेवर आणते म्हणतात. मी त्यावर वाद घालत नाही, आत्ता नाहीच. पण त्या बाईच्या हाताखाली सुजलेलं अपेंडिक्स असलं तर काय होईल, हा विचार माझ्या मनात येतोच. म्हणून हात फिरवण्याच्या आधी मी चार गोष्टी बघते. पोट बघते: फुगलंय का, एका बाजूला वर आलंय का, हर्निया किंवा जुना टाका आहे का. स्टेथोस्कोप लावून आतड्याचे आवाज ऐकते. मग हलक्या हाताने चाचपते. आणि विचारते, वारा सरतोय का, उलटी झाली का. पोटाचंच ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा तर प्रश्नच वेगळा. तिथे सर्जनने सांगितल्याशिवाय हात नाही. अडकलेलं आतडं, पोटातला रक्तस्राव, महारोहिणीचा फुगा, गर्भारपण, नुकतंच घेतलेलं रेडिएशन, कारण न कळलेली पोटदुखी, यांपैकी काही असलं तर मसाज होत नाही. आजींचं पोट मऊ होतं, आवाज कमी पण होते, आणि डाव्या बाजूला खाली, जांघेच्या वर, बोटाखाली खड्यांची माळ स्पष्ट लागत होती.

इतर रुग्णांना मी गुडघ्याखाली उशी देते, म्हणजे पोटाची भिंत सैल पडते. खुब्याच्या रुग्णाला तसं करता येत नाही. दोन पायांमधली तिकोनी उशी जागची हलवायची नाही. म्हणून खाटेची डोक्याची बाजू थोडी वर घेतली. नऊवारीचा काष्टा कधीच सुटला होता, दवाखान्याचा गाऊन होता. छातीवर एक चादर, कमरेखाली दुसरी, मधे फक्त पोट. तळहातावर थोडंसं खोबरेल.

पहिलं मिनिट-दोन मिनिटं नुसता हात फिरवायचा, बरगड्यांपासून खाली, दोन्ही बाजूंनी कमरेकडून जांघेकडे. याने काहीच ढकललं जात नाही. याने पोट माझ्या हाताला ओळखतं आणि आवळणं सोडतं. मग मोठ्या आतड्याचा रस्ता धरायचा. तो उजव्या जांघेच्या वर सुरू होतो, उजव्या बरगडीपर्यंत चढतो, बेंबीच्या वरून डावीकडे जातो, डावीकडून खाली उतरतो. माझ्या हाताची दिशा तीच. घड्याळाचे काटे फिरतात तशी, रुग्णाच्या पोटावर घड्याळ ठेवलंय असं धरून. नवीन मुली इथे हमखास गोंधळतात, आपल्या बाजूने विचार करतात आणि उलटं फिरवतात.

जरा दाब देऊन मळायची वेळ आली की मी डावीकडून सुरू करते. आधी फक्त उतरता भाग, वरून खाली. मग आडवा भाग आणि उतरता. शेवटी उजवीकडून सगळा रस्ता. मिरजेत राहणाऱ्याला हे समजवावं लागत नाही: रेल्वे फाटक पडलेलं असताना मागच्या गाडीवाल्याने कितीही हॉर्न वाजवला तरी रांग हलत नाही. पुढचं मोकळं व्हायला लागतं. हाताची बोटं नाही, तळहात आणि मुठीची सपाट बाजू वापरायची. दाब एवढाच की चेहऱ्यावर आठी येऊ नये. मी हाताकडे कमी आणि आजींच्या कपाळाकडे जास्त बघते. शेवटी तळहात ठेवून बारीक थरथर, आणि पुन्हा सुरुवातीसारखा नुसता हात. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं.

सून बघत होती. "आमच्या पोराला बी असंच करत होते, हिंग लावून," ती म्हणाली. बरोबर आहे. तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप आणि पोटावर गोल हात हे ज्या घरात झालेलं नाही असं घर मी आमच्याकडे बघितलेलं नाही. ज्या आजींनी नातवंडांची पोटं अशी चोळली त्यांना स्वतःच्या पोटाला कुणी हात लावायचा म्हटलं की मात्र संकोच होतो. दुसऱ्या वेळी मी सुनेचा हात आपल्या हाताखाली धरून फिरवला. दिवसातून दोनदा ३० खाटांना मी पुरणार नाही. सकाळी तीन-चार पोटं मी करते, ज्यांचा आकडा जास्त आहे त्यांची. बाकीचं घरच्यांकडे, किंवा रुग्णाच्याच हाताकडे.

एक गोष्ट घरच्यांना दोनदा बजावावी लागते: शेक द्यायची गरम पाण्याची पिशवी नको. पाठीत भूल दिलेली असते, कातडीला नीट कळत नाही, आणि पोटावर फोड घेऊन बसलेला माणूस हाडाच्या वॉर्डात कुणालाच नको असतो.

८:५०

नाश्ता. उपमा, त्यात आज भाज्या आहेत. स्वयंपाकघरातल्या मावशींशी माझं याबाबतीत बरं जमतं.

९:१५

खाल्ल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, आतडं हलतं त्याच वेळी, फिजिओथेरपिस्टने आजींना वॉकर देऊन उभं केलं आणि दोन पावलांवरच्या कमोडच्या खुर्चीवर बसवलं. बसणं हा अर्धा उपाय आहे. आडवं पडून बेडपॅनवर होत नाही याचं कुणाला आश्चर्य वाटू नये. उकिडवं बसायची आयुष्यभराची सवय असलेल्या माणसाला उताणं करून, पाठीखाली गार स्टील सरकवून, पडद्यापलीकडे शेजारच्याचे पाहुणे उभे असताना आपण म्हणतो, "करा."

हात मोडलेल्या रुग्णांना मी कमोडवर बसवून पायाखाली लाकडी पाट देते, गुडघे कमरेच्या वर येतात आणि सोपं जातं. खुब्याचा सांधा बदललेल्यांना हे चालत नाही. गुडघा खुब्याच्या वर न्यायचा नाही, खुर्चीची बैठकच उंच लागते. म्हणून त्यांना पुढे न वाकता, श्वास न कोंडता बसायला शिकवायचं. म्हाताऱ्या माणसाने श्वास कोंडून कुंथलं की बीपी वरखाली होतं, घेरी येते. हृदयाचा रुग्ण असला तर मी दाराशीच उभी राहते.

आजी दहा मिनिटं बसल्या. वारा सरला, बाकी काही नाही. "वारा सरला हेच खूप," मी म्हटलं. आजींना ते पटलेलं दिसलं नाही.

९:४५

राऊंड. मोठे डॉक्टर एक्स-रे बघतात, जखम बघतात, पायाची बोटं हलवायला लावतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. वळायच्या आत बोलावं लागतं. "सर, सहा नंबर, पोटाचा पाचवा दिवस. लॅक्टुलोज नाहीये. आणि आता दुखणं कमी आहे, ट्रामाडॉलऐवजी नुसत्या पॅरासिटामॉलवर बघायचं का?" सरांनी दोन्ही लिहिलं, वर सपोझिटरीही लिहिली. चांगले डॉक्टर आहेत. विचारलं की देतात. माझं म्हणणं एवढंच की ट्रामाडॉल ज्या कागदावर लिहिता त्याच कागदावर पुढच्या ओळीत पोटाचं औषधही लिहा. चौथ्या दिवशी एनिमाची ऑर्डर निघण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

घरून इसबगोलाचा डबा बऱ्याच जणांकडे येतो. इसबगोल चांगलं, पण त्याला पाणी लागतं, भरपूर. पाणीच न पिणाऱ्या आणि ट्रामाडॉलवर असलेल्या माणसाला ते दिलं तर आत लगदा होऊन बसतो. डबा मी कपाटात ठेवायला सांगते.

१०:३०

खाट १४. चोवीस वर्षांचा, मोटरसायकलवरून पडून नडगीत रॉड घातलेला. विचारलं की "झाली" म्हणतो. मामा म्हणाले, खोटं बोलतोय, दोन दिवस कमोड मागितलेलाच नाही. तरुण मुलगा, समोर मी, आणि बाजूच्या खाटेवर त्याच्याच गावचा माणूस. तो दुसरं काय सांगणार? ब्रदरला पाठवलं. पाच मिनिटांत खरं बाहेर आलं: चार दिवस, आणि तंबाखू सुटल्यापासून डोकंही दुखतंय.

त्याला मसाज मी करत नाही, ब्रदरही करत नाही. त्याला रस्ता दाखवला, हात त्याचाच. दोन्ही हात त्याचे चांगले आहेत, वेळही भरपूर आहे, मोबाईल बाजूला ठेवला तर. अशा रुग्णाला औषधापेक्षा कुबड्या घेऊन संडासापर्यंत चालत जायची परवानगी लवकर मिळणं जास्त उपयोगी पडतं. ती दुपारपर्यंत मिळाली.

११:१०

खाट ९. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका, खुब्यात स्क्रू घालून आज चौथा दिवस. काल रात्री थोडं पातळ झालं होतं, म्हणून कागदावर शून्य नव्हतं आणि सकाळी माझी नजर त्यावरून पुढे गेली. आता थांबले ती फक्त मुलाच्या हातातल्या बाटलीमुळे. त्याने एरंडेल आणलं होतं. "सिस्टर, बाबांचं पोट कडक झालंय. तेल पाजतो आणि चोळून द्या."

चादर बाजूला केली. पोट बेंबीपासून बरगड्यांपर्यंत ताणलेलं, कातडी चकचकीत. बोटाने ठोकलं तर सगळीकडे पोकळ आवाज. काका म्हणाले दुखत फारसं नाही, पण जेवण नको वाटतं, मळमळतंय. वारा? कालपासून नाही. पातळ झालं होतं ते पोट साफ झाल्याचं लक्षण नव्हतं.

"चोळायचं नाही. आणि तोंडाने काहीच द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही," मी म्हटलं. मुलगा चिडला. सकाळी शेजारच्या आजींचं चोळलं, माझ्या बापाचं का नाही? वाजवी प्रश्न होता, पण उत्तराला वेळ नव्हता. आधी रेसिडेंटला फोन, मग उत्तर.

खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांत मोठं आतडं कधी कधी अचानक थंड पडतं. आत कुठेही अडथळा नसतो, तरी अडथळा असल्यासारखं ते हवेने फुगत जातं. १९४८ साली हेनेज ओगिल्व्ही या ब्रिटिश सर्जनने याचं वर्णन केलं, त्यामुळे त्याला ओगिल्व्ही सिंड्रोम म्हणतात. उजव्या बाजूचा सुरुवातीचा भाग सगळ्यात पातळ भिंतीचा, तो सगळ्यात जास्त ताणला जातो. एक्स-रेवर त्याची रुंदी १२ सेंटिमीटरच्या वर गेली की फुटण्याची भीती. असल्या पोटावर कुणी प्रेमाने जरी हात दाबला तरी काय होईल ते सांगायला नको. मजा अशी की आजींना उपयोगी पडणारं लॅक्टुलोजही इथे वाईट. आतड्यातले जंतू ते आंबवतात आणि हवा आणखी वाढते.

पोटाचा एक्स-रे काढला, रक्त गेलं. मोठं आतडं फुगलेलं होतंच, सुरुवातीचा भाग नऊ सेंटिमीटरच्या आसपास. पोटॅशियम २.९, निदान ३.५ तरी हवं. चार दिवस धड न खाणं आणि बीपीसाठी चालू असलेली लघवीची गोळी, दोन्ही मिळून ते खाली आलं असावं. ट्रामाडॉल बंद. नाकातून नळी, गुदद्वारातून फ्लेटस ट्यूब, शिरेतून पोटॅशियम हळूहळू, दर दोन तासांनी कूस बदल. पोटाचे सर्जन येऊन बघून गेले. एक-दोन दिवसांत उतरलं नाही तर आयसीयूत नेऊन मॉनिटर लावून निओस्टिग्मिन द्यायचं ठरलं. त्या इंजेक्शनने नाडी एकदम मंदावू शकते, म्हणून ते वॉर्डात देत नाहीत.

मग मुलाला बाहेर बाकावर बसवून एक्स-रे दाखवला. काळ्या हवेचे ते मोठे फुगे बघितल्यावर त्याने एरंडेलाची बाटली आपणहून पिशवीत टाकली.

दुपारी १२:५०

डबा. एम.एस्सी. नर्सिंगची एक विद्यार्थिनी प्रबंधासाठी आली आहे. विषय तोच: अस्थिरोग वॉर्डातल्या रुग्णांच्या मलावरोधावर पोटाच्या मसाजचा परिणाम. आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत या विषयावर इतके प्रबंध होतात की ग्रंथपालाला तो तोंडपाठ असावा. तिच्याकडे मॅकमिलन आणि विल्यम्स यांची १९८९ सालची मापनपट्टी आहे, आठ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण सोळा. तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला खात्री आहे का, याने होतं?"

मी म्हटलं, तू वाचलेलं सांग. तिने सांगितलं. स्वीडनमधल्या उमिओच्या परिचारिकांनी जुनाट मलावरोधाच्या ६० जणांवर केलेला अभ्यास, २००९ सालचा: आठ आठवडे मसाज केलेल्यांचा पोटाचा त्रास कमी झाला, शौचाला होण्याचं प्रमाणही वाढलं, पण जुलाबाच्या औषधाची गरज कमी झाली नाही. ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०१८ साली निष्कर्ष आले: ज्या मुख्य मापावर फरक दिसायला हवा होता तिथे तो ठळक दिसला नाही. फ्रान्समध्ये तर आतड्याच्या ऑपरेशननंतर यंत्राने पोटाच्या भिंतीचा मसाज करून बघितला, तिथे दुखणं कमी झालं आणि आतडं लवकर जागं झालं. पण ते यंत्र आणि ते तज्ज्ञ. आमच्या गावची बेंबी सरकवणारी बाई नव्हे.

मी तिला १९व्या शतकाची गंमत सांगितली. युरोपातले डॉक्टर तेव्हा चामड्यात गुंडाळलेला लोखंडी गोळा, अक्षरशः तोफेचा गोळा, रुग्णाला पोटावर फिरवायला सांगायचे. पुढे जुलाबाच्या गोळ्या स्वस्त झाल्या आणि मसाज मागे पडला. गोळी द्यायला अर्धं मिनिट लागतं, मसाजला दहा; दवाखान्याचा हिशेब कुठे झुकणार ते उघड आहे.

माझं मत विचारशील तर, मी म्हटलं, मसाज औषधाच्या जागी नाही, औषधाबरोबर. तो बहुधा थोडं ढकलतो. पण रोज सकाळी कुणीतरी दहा मिनिटं पोटाजवळ बसतं, चादर काढून बघतं, हाताने चाचपतं, विचारतं. त्यामुळे जे कळतं ते टीपीआरच्या कागदावरून कळत नाही. काकांचं पोट काल संध्याकाळी कुणी चाचपलं असतं तर काल संध्याकाळीच कळलं असतं. हे तुझ्या सोळा गुणांत कुठे बसतं ते मला माहीत नाही.

तेवढ्यात मावशी दारातून ओरडल्या, "सिस्टर, सहाला झाली! एक नंबर, मागनं दोन नंबर!"

चादरींच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मी ब्रिस्टलचा तक्ता चिकटवून ठेवला आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला, सात चित्रांचा. एक म्हणजे सुटे खडे, दोन म्हणजे खड्यांची जुडी, तीन-चार म्हणजे नीट, सात म्हणजे पाणी. मावशींना वाचता फारसं येत नाही, पण या तक्त्यात त्यांची चूक होत नाही. डॉक्टरांची होते.

विद्यार्थिनीने वही उघडली. "मसाजने झालं लिहू का?"

सकाळी मसाज झाला. दहाला लॅक्टुलोज, अकराला सपोझिटरी. रात्रीपासून ट्रामाडॉलचा डोस गेलेला नाही. सकाळी दोन पेले पाणी, वॉकरवर दोन फेऱ्या, उपमा, जेवण. श्रेय कुणाला द्यायचं? "आजी तुझ्या कुठल्याच गटात बसत नाहीत," मी म्हटलं. तिने वही मिटली आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी घेतली.

१:४०

आजींच्या सुनेला संध्याकाळचं सांगितलं: चहाच्या आधी दहा मिनिटं, डावीकडून सुरुवात, जखमेच्या बाजूला जायचं नाही, पोट फुगलं किंवा दुखलं तर हात थांबवून सिस्टरला हाक. पेल्याचे हिशेब भिंतीवर खडूने मांडायचे, दिवसाला आठ. आजी उशीला टेकून बसल्या होत्या आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली. भाताच्या ताटावरून तीन दिवस तोंड फिरवणारी म्हातारी भाकरी मागते तेव्हा मी जखम न बघता सांगू शकते की बाई सुधारतेय.

२:००

संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरला हँडओव्हर. मोशनची ओळ मी सगळ्यात आधी वाचते, तिला सवय झाली आहे. ६, झाली, लॅक्टुलोज चालू, लोहाची गोळी सरांना विचारून दोन दिवस बंद. १४, अजून नाही. ब्रदरला विचारायला लाव, तू विचारू नकोस. २२, उद्या गुडघा बदलायचा आहे, पोट आज सकाळी साफ, तारीख फाईलवर लिहिली आहे. शिवाय पाणी: भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालेल असं लिहिलं आहे, तर रात्री १२ नंतर तांब्या उचलून नेऊ नका.

९ नंबरपाशी दोघी थांबलो. नळीतून हिरवट पाणी येत होतं, फ्लेटस ट्यूबमधून थोडी हवा गेली होती. काकांच्या पोटावर बेंबीच्या पातळीला मी बॉलपेनने दोन्ही बाजूंना खुणा केल्या होत्या. दर पाळीने टेप वेगळ्या जागी लावला तर घेर वाढला की कमी झाला ते कळत नाही, नुसते आकडे जमतात. दुपारी बाराला ९८ सेंटिमीटर होता, दोनला ९६. तिने स्वतः पुन्हा मोजला, ९६च आला. टेप खाटेच्या दांडीला बांधून ठेवला. सहाला एक्स-रे, त्याच्या आधी पोटॅशियमचा रिपोर्ट. फाईलच्या वर लाल पेनाने लिहिलं: पोटाला मसाज नाही, एनिमा नाही, घरचं औषध नाही. मुलाने ते वाचलं आणि विचारलं, "हात धरून बसलो तर चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. "डावा धरा, उजव्याला सलाईन आहे."